एक पत्र, दोन खाती आणि पायातला पट्टा

मा. गृहमंत्री आणि मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

एकच पत्र दोघांना लिहितोय, हा आगाऊपणा वाटेल. पण माणसाला तुरुंगात ठेवायचं काम तुमच्यातल्या एका खात्याकडे आहे आणि शिक्षा लागू शकणाऱ्या माणसाला तुरुंगाबाहेर ठेवून सांभाळायचं काम दुसऱ्याकडे. पुण्यात हे नकाशावरच दिसतं. राज्याच्या कारागृहांचं मुख्यालय ससूनजवळच्या जुन्या मध्यवर्ती इमारतीत. परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशन) अधिकारी ज्याच्या हाताखाली येतात ते महिला व बालविकास आयुक्तालय क्वीन्स गार्डनमध्ये. अंतर इतकं कमी, की स्टेशनवरचा रिक्षावाला यायला नाही म्हणेल. (मान्य, तो लांब यायलाही नाही म्हणतो.) पण आपल्या व्यवस्थेनं या दोन दारांना एकमेकांशी बोलायची फारशी गरजच ठेवलेली नाही.

निमित्त आहे जीपीएस पट्ट्याचं, म्हणजे माणूस कुठे आहे हे सतत दाखवणाऱ्या पायातल्या पट्ट्याचं. केंद्रानं 2023 साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श कारागृह कायद्यात, रजेवर जाणाऱ्या कैद्यानं तयारी दाखवली तर त्याच्या अंगावर असं यंत्र बांधून त्याला सोडता येईल, अशी तरतूद आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जम्मूत दहशतवादाच्या खटल्यातल्या एका आरोपीला पायात पट्टा बांधून जामिनावर सोडलं. तेव्हापासून चर्चा सुरू आहे, की तुरुंग भरलेत, पट्टे आणा. माझं म्हणणं एवढंच आहे की पट्टे आणायचे तर आणा, पण आधी माणसं नेमा. मी शिवाजीनगरच्या न्यायालयात सत्तावीस वर्षं फौजदारी वकिली करतो, आणि हे कसं कळलं ते सांगायला हा पत्रप्रपंच.

परिवीक्षा म्हटलं की आमच्या सोसायटीतल्या काकांना बँकेतली नवी नोकरी आठवते. सहा महिने परिवीक्षा, मग कायम. बाकीच्यांना पॅरोल आठवतो. पॅरोल ही शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची रजा. परिवीक्षेत माणूस आत जातच नाही. गुन्हा शाबीत होतो, पण न्यायाधीश शिक्षा सुनावायचं थांबवतात, चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेतात आणि जरूर वाटली तर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडतात. बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं, देखरेख कमीत कमी एक वर्षाची. अटी मोडल्या की मूळ गुन्ह्याची शिक्षा समोर उभी. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही.

यात नवं काही नाही. मुंबई प्रांतानं स्वतःचा परिवीक्षा कायदा 1938 सालीच केला होता. देशाचा कायदा यायला 1958 उजाडलं. त्याचं कलम 6 सांगतं, की 21 वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात धाडायचं तर न्यायालयानं आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा आणि तरीही धाडलं तर कारण लिहून ठेवावं. कलम 12 त्याहून मोलाचं आहे. या कायद्याखाली सुटलेल्याला, शिक्षा लागलेल्या माणसावर कायद्यानं जी अपात्रता येते, ती येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही परिवीक्षेची कलम 401 आणि 402 आहेतच. परिवीक्षा देता येत असूनही दिली नाही, तर विशेष कारणं नोंदवा असं 402 बजावतं. म्हणजे कायदा आहे, तो जुना आहे आणि चांगला आहे. रोज सकाळी अकरा वाजता जिना चढून तो वापरणारं कुणी हवं, एवढंच.

आता कबुली. वकिलीच्या पहिल्या दहा वर्षांत मी परिवीक्षेचे अर्ज बोटांवर मोजण्याइतके केले. किरकोळ चोरीच्या, मारामारीच्या केसमध्ये आमचं काय चालतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. अशील आधीच चार-सहा महिने येरवड्यात काढून आलेला असतो. तो म्हणतो, "साहेब, कबूल करून टाकतो, भोगली तेवढीच शिक्षा सांगा आणि मोकळं करा." आम्ही तसा अर्ज देतो. न्यायालयाची एक केस निकाली, अशिलाची सुटका, आमची फी. सगळे खूश. फक्त त्याच्या नावावर शिक्षा लागते, आणि पुढच्या वेळी त्या भागात सायकल चोरीला गेली की कुणाला उचलायचं हे चौकीत शोधावं लागत नाही.

येरवड्यात वर्षानुवर्षं क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसं आहेत. 2022 अखेरीस देशभरात 5 लाख 73 हजार कैदी होते, त्यातले 4 लाख 34 हजार कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा शाबीतच झालेला नव्हता. पट्ट्याची जाहिरात करणारे हे आकडे नेहमी पुढे करतात. पण त्यातले कितीतरी जण पट्टा नाही म्हणून आत नसतात. जामीन मंजूर झालेला असतो आणि जामीनदार मिळत नाही, म्हणून ते आत असतात. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर संहितेचं कलम 479 त्याला सोडायला सांगतं (इथेही जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळून). तसा अर्ज करण्याची जबाबदारीही कारागृह अधीक्षकावर टाकतं. त्याला यंत्र लागत नाही. कॅलेंडर लागतं.

मला शहाणपण शिकवलं ते एका परिवीक्षा अधिकारी बाईंनी. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. माझा अशील वीस वर्षांचा, दांडेकर पुलाच्या वसाहतीतला. बांधकामाच्या साइटवरून तांब्याची वायर चोरली, भंगारात विकायला निघाला आणि सापडला. पहिलाच गुन्हा. न्यायाधीशांनी अहवाल मागवला आणि बाई त्याच्या घरी गेल्या. मुलाची आई मला नंतर सांगत होती, "वकीलसाहेब, बाईनं आल्या आल्या पोराचं काही विचारलंच नाही. विचारलं, पाणी किती वाजता येतं?" मला वाटलं, गप्पा मारायची पद्धत असेल. बाईंना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घरात पाणी भरणारा तोच एक. हजेरीची वेळ पाण्याच्या वेळेवर आली तर पहिल्याच महिन्यात चुकेल, आणि मग मीच न्यायालयाला लिहिणार की हा अटी पाळत नाही." देखरेखीचा आदेश एक वर्षाचा झाला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दुपारी तीनला हजेरी.

27 सप्टेंबर 2018 ला, भर दिवसा, पाऊस नाही की पूर नाही, जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि पाणी दांडेकर पुलाच्या घरांत शिरलं. पुणेकरांना आठवत असेल. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मुलगा हजेरीला आला नाही. फोन बंद. दोन दिवसांनी बाईंचा मला फोन. "तुमचा मुलगा आला नाही. कालव्याचं माहीत आहे मला. बघून येते." मी म्हटलं, मीही येतो. खरं तर मला लाज वाटली होती. तो माझा अशील, आणि तो कुठल्या गल्लीत राहतो हे मला माहीत नव्हतं.

आठवडा होऊन गेला होता तरी चिखलाचा वास जात नव्हता. रस्त्याच्या दुभाजकावर गोधड्या वाळत घातलेल्या. बाई पुढे, खांद्याला रेक्झिनची पिशवी, चपला हातात. घराला दार नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, आई आणि बहीण अप्परला मावशीकडे गेल्यात, पोरगा पलीकडच्या दुकानातला गाळ काढायला रोजावर आहे. तिथे तो सापडला, फावडं घेऊन, गुडघाभर चिखलात. बाईंना बघून पांढरा पडला. त्याला वाटलं, आता आत जावं लागणार. बाई काही बोलल्या नाहीत. पिशवीतून रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि म्हणाल्या, "हात पूस आणि सही कर." त्यानं हात पँटला पुसले, पण पँटही तशीच. सहीच्या शेजारी चिखलाचा अंगठा उमटला. बाईंनी खाली लिहिलं: सध्याचा मुक्काम मावशीकडे, अप्पर इंदिरानगर, काम रोजंदारी. त्याचे न्यायालयाचे कागद वाहून गेले होते. नक्कल कशी काढायची ते मला विचारून त्याला समजावलं, कारण कागद नसताना पोलिसांनी हटकलं तर पुन्हा तेच. सगळ्याला वीस मिनिटं लागली असतील.

आता त्या जागी पट्टा आहे असं समजा. उपग्रहावरून जागा शोधणारी चिप, मोबाइलचं सिम, बॅटरी, आणि पट्टा कापला तर ते कळवणारी तार, असा तो ऐवज. आखून दिलेल्या हद्दीबाहेर माणूस गेला की पडद्यावर इशारा. बॅटरी उतरली की इशारा. त्या दिवशी वसाहतीत वीज नव्हती. मुलाचा ठिपका घराच्या हद्दीतून निघून कुठेतरी हलला असता आणि मग विझला असता. पडद्यावर दोन उल्लंघनं दिसली असती. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला कालवा माहीत नसता, मावशी माहीत नसती, आणि पाणी किती वाजता येतं हे तर नाहीच. त्यानं त्याचं काम चोख केलं असतं आणि वॉरंट निघालं असतं. पूर सोडा, साध्या दिवशीसुद्धा पत्र्याच्या छपराखाली, चार फुटी बोळात हा ठिपका इकडून तिकडे नाचतो. चार्जिंगला रोज तास-दोन तास भिंतीतल्या बटणाशी पाय अडकवून बसायचं. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे एकाच प्लगवर मिक्सर, मोबाइल आणि पंखा पाळीपाळीनं चालतात, तिथे हा कार्यक्रम कोण कधी करणार याचं उत्तर निविदेत नसतं.

दुसरी गोष्ट, लोकांच्या नजरेची. मार्च 2020 मध्ये आपल्याच राज्यानं परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का मारला होता. हेतू चांगला होता. शाई थोड्या दिवसांत पुसली जाणारी होती. तरी तो शिक्का पाहून प्रवाशांना गाडीतून उतरवल्याच्या बातम्या आपण वाचल्या. तो साधा आजाराचा संशय होता. हा गुन्हेगार असल्याचा पुरावा असेल, महिनोन्‌महिने, पायात. हाफ पँट घालून गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराला कोण ठेवून घेईल? धुणंभांडी करणाऱ्या बाईला? परिवीक्षेचा सगळा हेतूच हा, की माणसाचं काम सुटू नये.

सर्वोच्च न्यायालयानं 8 जुलै 2024 च्या निकालात एक रेघ ओढून दिली आहे. जामिनावर सुटलेल्यानं आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला सतत दिसत राहावा म्हणून गूगल मॅपवर पिन टाकून ठेवावी, अशी अट होती. ती न्यायालयानं रद्द केली, कारण जामिनावरच्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांना अखंड डोकावू देणारी अट घालता येत नाही. फोनमधली पिन चालत नसेल तर हाडाला टेकलेली पिन कशी चालेल, हा प्रश्न पट्टा आणणाऱ्यांनी आधी सोडवावा. शिक्षा झालेल्या कैद्याची रजा आणि निकाल न लागलेल्याचा जामीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चेत मात्र दोन्ही एकाच पट्ट्यानं बांधल्या जातात.

मी यंत्राच्या विरोधात नाही. एक जागा मला स्पष्ट दिसते. संरक्षण आदेश मोडून बायकोच्या दारात पुन्हा पुन्हा येणारा नवरा. त्याच्या पायात पट्टा, तिच्या घराभोवती आणि कामाच्या जागेभोवती बंदी असलेली हद्द, आणि तो जवळ आला की तिच्या फोनवर इशारा. असं करा, मी स्वतः अर्ज लिहून देतो. मला भीती वेगळीच आहे. आज ज्याला न्यायाधीश जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सहज सोडतात, त्यालाही उद्या "आहेच सोय, तर बांधा" म्हणून पट्टा लागेल. ज्याच्यासाठी आणला तो आतच राहील, आणि जो तसाही सुटला असता त्याच्या पायात लोढणं येईल.

परिवीक्षा आणि पट्टा, या दोन कल्पनांची मुळं बघण्यासारखी आहेत. परिवीक्षा सुरू केली ती बोस्टनमधल्या जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्यानं. 1841 साली न्यायालयात एका दारुड्याला त्यानं स्वतः जामीन राहून सोडवलं आणि तीन आठवड्यांनी शुद्धीत, नीटनेटका असा परत आणून उभा केला. न्यायाधीशानं एक सेंट दंड केला. पुढे ऑगस्टसनं असे सुमारे दोन हजार लोक सांभाळले. पट्ट्याचे प्रयोग अमेरिकेत साठच्या दशकात झाले होते, पण न्यायालयाच्या हुकमावरून तो पहिल्यांदा बांधला तो न्यू मेक्सिकोतल्या एका न्यायाधीशानं, 1983 मध्ये. त्याला ही कल्पना स्पायडरमॅनच्या कॉमिकवरून सुचली. मी कॉमिकचा द्वेष्टा नाही, पण मला मोची जास्त भरवशाचा वाटतो. आणि बोस्टनपर्यंत जायचीही गरज नाही. औंधच्या राजानं स्वातंत्र्याआधी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला खुनाच्या कैद्यांना भिंतीशिवाय शेतीवर ठेवलं होतं. तेव्हा कुठला उपग्रह होता?

पुण्यात हे लिहिताना एक अवघड विषय टाळता येणार नाही. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला भरधाव पोर्शेनं दोन तरुणांचा जीव घेतला, आणि अल्पवयीन आरोपीला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायची आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करायची अट घातली गेली. शहर पेटलं, आणि ते बरोबरच होतं. पण त्या निबंधानं एक वेगळं नुकसान केलं. तेव्हापासून तुरुंगाशिवाय दुसरं काहीही सुचवलं की समोरचा हसून म्हणतो, "मग निबंध लिहून घ्या." परवा आमच्या बाररूममध्ये एका तरुण वकिलानं परिवीक्षेचा अर्ज टाइप करायला घेतला तर शेजारच्यानं विचारलं, किती शब्दांचा? तो जामीन होता, परिवीक्षा नव्हती, हे सांगून उपयोग होत नाही. ते प्रकरण श्रीमंताचं होतं म्हणून लोकांना डिवचलं. माझ्या तांब्याच्या वायरवाल्याला असा निबंध कुणी देत नाही. त्याला येरवडा मिळतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, 1 जुलै 2024 ला, भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि समाजसेवा ही शिक्षा म्हणून कायद्यात आली. सहा गुन्ह्यांसाठी. सार्वजनिक जागी दारू पिऊन धिंगाणा घालणं त्यात आहे, आणि पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, माल परत केला तर, तीही आहे. चांगलं आहे. पण ही सेवा कुणाच्या देखरेखीखाली, हजेरी कोण घेणार, काम नीट झालं हे न्यायालयाला कोण कळवणार? संहितेत त्याचं उत्तर नाही. उत्तर म्हणजे पुन्हा तीच, रेक्झिनची पिशवीवाली बाई. आणि तिच्या टेबलावर बालन्याय मंडळाचे अहवाल आधीच रचलेले असतात. प्रौढांची परिवीक्षा हे तिच्या कामाचं शेपूट.

पैशांचंही बोलतो. इंग्लंडमध्ये पट्ट्यांचं काम खासगी कंपन्यांना दिलं होतं. मेलेल्या आणि तुरुंगात परत गेलेल्या माणसांच्याही पट्ट्यांचं बिल दोन बड्या कंपन्या सरकारला लावत होत्या, असं 2013 मध्ये उघड झालं. अमेरिकेत कित्येक ठिकाणी पट्ट्याचं रोजचं भाडं तो घालणाऱ्याकडूनच वसूल करतात आणि भाडं थकलं की माणूस पुन्हा आत. आपल्याकडची कंत्राटं कशी निघतात हे तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. परिवीक्षा अधिकाऱ्याची मात्र निविदा निघत नाही, उद्घाटन होत नाही आणि तिच्या पिशवीसमोर फोटोही चांगला येत नाही.

म्हणून मागणी अशी. प्रौढांसाठी वेगळे परिवीक्षा अधिकारी नेमा, आणि त्यांना बसायला जागा शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातच द्या, म्हणजे न्यायाधीशांनी सकाळी अहवाल मागितला तर बाई दुपारच्या आत घर बघायला निघालेल्या असतील. त्यांना गाडी द्या, निदान पेट्रोलचे पैसे. पट्टा आणालच तर तो फक्त न्यायालयाच्या हुकमानं, दोन्ही बाजू ऐकून, मुदत लिहून. त्याचा एक रुपयाही घालणाऱ्याकडून घेऊ नका. मुदत संपली की त्याच्या फिरण्याची नोंद पुसा, पोलीस ठाण्याच्या संगणकात ठेवू नका. आणि कितीही घासाघीस झाली तरी एक कलम वगळू नका: ठिपका हलला किंवा विझला एवढ्यावर वॉरंट निघणार नाही, आधी माणूस जाऊन बघेल.

तो मुलगा आता धनकवडीत दुचाकीचं गॅरेज चालवतो. माझ्या स्कूटरचं सर्व्हिसिंग तिथेच होतं, आणि तो माझ्याकडून पैसे घेतो, हे मला आवडतं. बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणी आलं का, हे मी मुद्दाम इथे विचारत नाही. ते तुम्ही विचारा.

या पत्राच्या प्रती मी सोमवारी स्वतः नेऊन देणार आहे. आधी मध्यवर्ती इमारतीत, मग तिथून चालत क्वीन्स गार्डनला. माझ्या स्थळप्रतीवर मला दोन्हीकडचे आवक शिक्के हवे आहेत, एकाच पानावर.

आपला,
शिवाजीनगर न्यायालयातला एक वकील
पुणे